डोरीनच्या नावावर खपवलेली रक्ती

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि जिचं नाव त्यात वापरलं तिच्याजवळ तर नाहीच. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंडातून निघालं. तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय की आता तुम्हालाही सांगून टाकते. काम हातातलं ठेवा बाजूला आणि ऐका.

सुरुवात कुठून करू? डोरीनपासून करते. म्हणजे पुन्हा तिच्याच आड लपल्यासारखं होईल – पण तिच्याशिवाय गोष्ट कळायची नाही.

ओहायोत डोरीन आमची शेजारीण होती. मूळची इंग्लंडची, लँकशायरकडची. अमेरिकन माणसाशी लग्न करून आली, तो वारला, ती तिथेच राहिली. निम्मं आयुष्य अमेरिकेत काढलं तरी अमेरिकनांवर तिचा राग होता, आणि तो सगळा चहावरून. कोमट पाण्यात पुडी बुडवतात आणि वर तोंड करून त्याला चहा म्हणतात, असं ती म्हणायची. स्वतः शिट्टीची किटली गॅसवर ठेवायची, पाणी खळखळलं पाहिजे, दूध पाहिजे. मी वर्ध्याकडची, मला हे लगेच पटलं. आमची मैत्री त्या किटलीवर झाली.

तिची बिस्किटं तिची भाची पार्सलनं पाठवायची. एक वस्तू मात्र पार्सलनं येत नव्हती, आणि डोरीन तिच्यासाठी झुरायची. ब्लॅक पुडिंग. डुकराचं रक्त, चरबी आणि ओट घालून केलेलं जाड काळं सॉसेज. शनिवारी सकाळी तिचे वडील बाजारातून आणायचे, आई चकत्या करून तव्यावर तळायची. अमेरिकनांना सांगितलं की ते तोंड वाकडं करत. तिला काय फरक पडतो? ती पोस्टमनलाही सांगायची. रक्ताचं खाणं म्हणताना तिचा आवाज जराही खाली यायचा नाही.

मी ऐकायचे आणि मान हलवायचे. आमच्याही घरी असतं, एवढं तीन शब्दांचं वाक्य – ते मला कधी बोलता आलं नाही.

कारण असतंच. वर्ध्याजवळचं आमचं गाव आंजी, तिथली आमची बौद्धांची वस्ती. बाजाराच्या दिवशी बकरं पडलं की मटणाचे वाटे दुसऱ्यांच्या घरी जायचे आणि माय गोठलेलं रक्त घेऊन यायची. उकळत्या पाण्यात टाकून वड्या पाडायची, मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून भरपूर सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, सांगून ठेवते. त्याची आमची रक्ती. भाकरीबरोबर मी आणि भाऊ त्यावर भांडायचो. आता सांगताना तोंडाला पाणी सुटलंय, खोटं कशाला बोलू?

पण अमेरिकेत मी वेगळीच बाई झाले होते. मराठी मंडळात कुणी गाव विचारलं तर वर्धा सांगायचे. वर्धा म्हटलं की त्यांना आश्रम आठवायचा, आश्रम म्हटलं की साधं सात्त्विक जेवण. त्यांनी आपल्या मनानं काय ते ठरवलं, मी ते खोडलं नाही. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती. पण अमेरिकेत ज्याच्या त्याच्या घरी बुद्ध असतो – बागेत असतो, न्हाणीघरात असतो – त्यामुळे आमच्या बुद्धावरून कुणाला काही कळलंच नाही. मंडळातल्या बहुतेकांकडे कोंबडी, मासे सगळं चालायचं. तरी कुणाच्या कढईत काय शिजतं यावरून माणूस ओळखायची सवय, ती काही विमानतळावर काढून घेत नाहीत. मला त्या ओळखीची भीती होती. लाज म्हणू का? लाजच म्हणते.

त्या उन्हाळ्यात माय आली. सहा महिने राहणार होती. तिला इंग्रजीचा गंध नाही, डोरीनला मराठीचा नाही, आणि दोघींचं आठवड्याभरात असं जमलं की मीच उपरी वाटायला लागले. डोरीननं मोबाईलवर ब्लॅक पुडिंगचा फोटो दाखवला. मायनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसली. दुसऱ्या दिवशी डोरीन तिला गाडीत घालून गावाबाहेरच्या एका खाटकाकडे घेऊन गेली. दोघी परतल्या त्या रक्ताचा डबा घेऊन. ठरलं असं की माय रक्ती करणार आणि संध्याकाळी डोरीन खायला येणार.

नवरा कामावर. घरभर लसणाचा वास. मायनं कढई गॅसवर ठेवलेली, हातात पळी, अंगात ते आंजीतलं वारं – खूश होती फार. आणि दारावरची बेल वाजली. वैशाली. मंडळातली, पुण्याची, माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण. गणपतीच्या कार्यक्रमाच्या साड्या न्यायला आली होती. वासामागून ती सरळ स्वयंपाकघरात गेली, कढईत डोकावली आणि विचारलं, हे काय गं?

आता बघा. तिच्या आवाजात काही नव्हतं. नुसतं कुतूहल. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला अजून माहीत नाही. मी कळूच दिलं नाही. मी म्हणाले, हे आमच्या शेजारच्या डोरीनचं आहे, इंग्लंडचं काहीतरी, गरम करायला ठेवलंय.

लसणाची फोडणी, वरून सांबार – कुठली इंग्लंडची बाई करते हो असं? पण वैशालीला शंका आली नाही. गोऱ्या बाईचं म्हटल्यावर शंका येत नसते. उलट ती आनंदली. ब्लॅक पुडिंग, म्हणाली, लंडनला हॉटेलात नाश्त्याला असायचं, यांना फार आवडलं होतं. रक्ताचं आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं स्वतःच बशी घेतली, खाल्लं, पुन्हा घेतलं, आणि तोंड भरून वाखाणलं. मग मायकडे वळून आपुलकीनं म्हणाली, काकू, तुम्ही चाखलंत की नाही?

मायच्या हातात पळी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग माय म्हणाली –

"नाई बाई. आम्ही नाई खात असं."

एवढंच. मी तिला काही शिकवलं नव्हतं, खूण केली नव्हती. मला झाकायला तिनं स्वतःच्या हातचं नाकारलं, आणि पळी ओट्यावर ठेवून हात धुतले.

इथेच संपलं असं वाटलं ना तुम्हाला? नाही. वैशाली म्हणाली, यांच्यासाठी थोडं नेऊ का, डोरीनला चालेल ना? मी म्हटलं, चालेल. आणि थोडं नाही, होतं नव्हतं ते सगळं डब्यात भरून दिलं – कढई रिकामी करायची होती मला. संध्याकाळी डोरीन आली. चांगला ब्लाऊज घातलेला, हातात रिकामी बशी. मी तिला सांगितलं, आईच्या हातून करपलं, फेकून दिलं. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. डोरीननं मायचा हात थोपटला, होतं असं कधी कधी, म्हणाली. मायला शब्द कळले नाहीत. ती हसून मान हलवत राहिली. रात्री तिनं वरणभात खाल्ला.

त्यानंतर मायनं माझ्या घरात रक्ती केली नाही. रागावली नाही, बोलली नाही, नेहमीसारखी राहिली आणि मुदत संपल्यावर परत गेली. मी दर दोन-तीन वर्षांनी आंजीला यायचे तेव्हा वांग्याची भाजी, झुणका, पाटोडी, सगळं असायचं. ते नसायचं. वहिनी एकदा सहज म्हणाली की मायनं आता सोडलंच ते, आणलं तरी नको म्हणते. मी वहिनीला विचारलं नाही केव्हापासून. विचारायची गरज होती का?

डोरीन वारली. तिला सांगायचं राहिलं, ते आता राहिलंच.

यंदा मी कायमची परत आले. माय थकलीय, ऐकू कमी येतं, पण जिभेची चव शाबूत आहे. रविवारी मी स्वतः बाजारातून गोठलेलं रक्त आणलं. घाबरतच रक्ती केली. मायच्या ताटात वाढली. तिनं पाहिलं, भाकरी मोडली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, मीठ कमी हाय. मला रडूच आलं. तेवढ्यात वैशालीचा व्हिडिओ कॉल. आजही तीच माझी जवळची मैत्रीण. मी फोन मायकडे फिरवला. वैशालीनं ताट पाहिलं आणि ओरडली, अगं, हे तर तुझ्या डोरीनचं, काकूंना आवडायला लागलं वाटतं आता.

पुन्हा तेच दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. वहिनी समोर, माय समोर – आणि माझ्या तोंडून निघालं, डोरीनचं नव्हतंच ते. त्या दिवशीही मायनंच केलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतलं खाणं आहे, माझ्या लहानपणापासूनचं. मी तुझ्याशी खोटं बोलले होते.

वैशालीनं विचारलं, पण का गं? माझ्याजवळ एक कारण होतं, पण ते सबबीसारखं ऐकू आलं असतं. आणि खरं सांगू? ते बोलून टाकल्यावर मला बरंच वाटत होतं. इतक्या वर्षांनी मोकळा श्वास घेता आला.

मायनं विचारलं, काय म्हणते थे? मी तिच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. तिनं घास गिळला. मग फोनकडे बोट केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, त्या दिवशी ओहायोत कढईपाशी होतं तसंच.

"दोनदा घेतलतं तिनं," माय म्हणाली. "डब्बाबी नेलता."

मी समजत होते की त्या दिवसाचा अपमान तिच्या मनात आहे. असेलही, तिनं कधी सांगितलं नाही. पण तिनं इतकी वर्षं जपलं होतं ते हे – की आपल्या हातचं एका परक्या बाईनं दोनदा घेऊन खाल्लं, नवऱ्यासाठी डबा नेला. आणि हे कुणाला सांगायची सोय मी तिला ठेवली नव्हती.