बोलता येईल एवढंच पळ

मी पदवीपर्यंत पोचलो आणि आजही न लंगडता चालतो, या दोन्हींसाठी मी मन्मथअप्पांचा ऋणी आहे. उदगीरला आमच्या शाळेत ते खेळ शिकवत. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा मला नांदेडला फोन आला, "अप्पा गेले." मी पोचलो तेव्हा समाधीच्या खड्ड्यात त्यांना मांडी घालून बसवलं होतं, लिंगायतांत तसंच पुरतात. अप्पांना इतकं निवांत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो...

लातूर तेव्हा नवाच जिल्हा होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. नव्या जिल्ह्याचा लांब पल्ल्याच्या शर्यतीचा संघ निवडायचा होता. संघात आलो तर लातूरच्या कॉलेजात वसतिगृह मिळणार, नाहीतर दहावीनंतर शिक्षण बंद, हे घरात ठरलेलंच होतं.

रविवारी अप्पा आम्हाला देगलूर रस्त्याच्या कडेच्या मातीतून लांब पळवत, स्वतः सायकलवर. मध्येच विचारत, "रात्री काय खाल्लं रे?" दम लागून ज्याला सांगता आलं नाही, त्यानं चालायचं. "लांबचं पळणं जिरवायचं असतंय लेका, उरकायचं न्हाई." मी मात्र परतताना सुसाट सुटायचो. निवड जवळ आली तशी नडगी बोट लावू देईना.

अप्पांनी मला बांधावर बसवून नडगी दाबली. मी कळवळलो.

"असंच पळून राहिलास तर हाड तडकंल. कशाची जल्दी हाय तुला?"

"टँकर येतो, अप्पा. माय रोजगार हमीवर असती. घागर घेऊन मलाच रांगेत लागावं लागतं."

अप्पांनी माझं पळणं थांबवलं, नुसतं चालायला लावलं. पुढच्या रविवारी चालून परतलो, तर आमच्या गल्लीतल्या रांगेत, आमचीच घागर घेऊन अप्पा उभे! बायका हसत होत्या.

"काय अप्पा, काकूनं घराबाहेर काढलं का?"

"हाव, माय. म्हणली, पाण्याबिगर उंबरा चढू नका."

त्यानंतर मुलांच्या मागे सायकलवर त्यांचा मुलगा असे आणि रांगेत अप्पा. नडगी हळूहळू शांत झाली. मी परतताना बोलत बोलत पळू लागलो. निवडीच्या दिवशी सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होतो, नंतर एकेक जण मागे पडत गेला. संघात शेवटची जागा मिळाली.

तोंडावर उपकाराची भाषा काढली की अप्पा सायकलवर टांग मारून निघून जात. म्हणून नोकरी लागल्यावर नांदेडहून त्यांना लिहिलं होतं...

"ती. अप्पांना शरणु शरणार्थी, नमस्कार. घरातला पहिला पदवीधर खेळाचा मास्तर झालाय, मायला अजून खरं वाटत नाही. काल एक मुलगी मैदानावर लंगडत आली. कितीही सांगा, परतताना वाऱ्यासारखी सुटते. मी रागावणार होतो. मग तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, घरी कोण वाट बघतंय, बाई? ती रडायलाच लागली. तिचं तान्हं भावंड उद्यापासून मैदानावर माझ्या कडेवर असेल."