अडीचशे ग्रॅम सोडे आणि माझी सही

माझं काम लेबलं वाचायचं. पनवेलजवळच्या एका औषध कारखान्यात वीस वर्षं तेच करतोय. mg मधला m लहानच हवा. तो मोठा पडला की मिलीचा मेगा होतो आणि पाचशे मिलिग्रॅमची गोळी कागदावर पाचशे टनांची होते. ही खोड सुट्टीच्या दिवशीही जात नाही. पळस्प्याच्या फाट्याजवळ एखाद्या हॉटेलच्या पाटीवर ‘2 KM’ दिसलं की मी गाडीतच सुरू होतो: किलोचा k लहान, मीटरचा m लहान, मोठा K तापमानाचा. बायको काच खाली करून म्हणते, जरा हवा येऊ दे.

आमच्या सोसायटीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशी उरणकडच्या. त्यांच्या सुनेनं सोललेली कोळंबी वाळवून तिचे सोडे पाकिटात भरायला सुरुवात केली. उलव्यातलं एक मोठं दुकान ती पाकिटं ठेवायला तयार झालं. मावशी मला म्हणाल्या, “भाऊ, तुमी लेबलवालेच ना? आमचापन लिवून द्या.” मी खूश झालो. संध्याकाळभर बसून सगळं लिहून दिलं, वजनासकट.

छापखान्यानं नमुना काढला. सून तो घेऊन सकाळी आमच्या दारात आली. छापण्याआधी एकदा बघून सही करा, असं तिकडून सांगितलं होतं. मी फोनवर बोलत होतो. कागद भिंतीला टेकवला, सही केली, परत दिला. वाचला नाही. खरं सांगायचं तर मनात हेही आलं होतं, की सोड्याचंच तर लेबल, कोण तपासतंय.

दुकानानं तपासलं. मी ‘250 g’ लिहून दिलं होतं, लेबलावर ‘250 Gm’ छापलं होतं. पाकिटावर ग्रॅमसाठी नुसता लहान g लागतो, हा नियम मला झोपेतही येतो. मोठा G आणि पुढे m म्हणजे गिगामीटर, एकेक दहा लाख किलोमीटरचा. त्या हिशेबानं मावशींचे सोडे सूर्याच्याही पलीकडे गेले होते. प्रत्यक्षात ते सगळे परत त्यांच्या ओटीवर आले.

मावशींनी मला हे दारातच, पापलेट साफ करता करता सांगितलं. कागदाची ने-आण सुनेनं केली, म्हणून दोष तिच्यावर गेला होता. दुकानाचे फोन ज्या मोबाइलवर यायचे तो मावशींनी तिच्याकडून काढून घेतला. “बारावी झालेली हाय म्हनून तिच्या हातात धंदा दिला. आता मीच बगतंय.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, हे छापखानेवाले असेच असतात. मग आठ दिवस मी मासळी घ्यायला बायकोला पाठवलं. कारखान्यात प्रत्येक लेबल तीनतीनदा वाचत होतो. त्याचा त्या मुलीला काय उपयोग?

रविवारी त्यांच्या गावी गेलो. दोघी ओटीवर बसून स्टिकर काढत होत्या. पाठीला पाठ. मीही बसलो, दोन-चार पाकिटं सोलली, आणि सांगून टाकलं: नमुन्यावर मी न वाचता सही केली, हिची काही चूक नाही.

मावशींचे हात थांबले नाहीत. “म्हंजे येवडा शिकून तुमीपन अंगठाच उठवलात.”

सून हसली नाही. ती म्हणाली, “सर, मी तेव्हाच विचारलं होतं, g नंतर m असतो का. तुम्ही फोनवर होता. हातानं जा म्हणालात.”

हे मला आठवतच नव्हतं. मी माफी मागितली. तिनं मान हलवली आणि मावशींच्या मांडीजवळचा मोबाइल उचलून, दुकानाला फोन लावून माझ्यापुढे धरला. “दुकानवाल्यांना वाटतंय आम्हाला काही कळत नाही. तुम्ही सांगा.”

दुकानवाल्यानं फोन घेतला आणि आधी विचारलं, आपण कोण? एरवी मी हुद्दा सांगतो, कारखान्याचं नाव सांगतो.

“लेबलावर न वाचता सही केली, तो मी,” मी म्हणालो. “ह्या बाईंनी चूक आधीच दाखवली होती.”

तो म्हणाला, मग बाईंनाच द्या फोन. मी मोबाइल सुनेला दिला. ती बोलत बोलत अंगणात गेली. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या, पण मोबाइल परत मागायला उठल्या नाहीत.