आजीचा उजवा गुडघा

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी संपत होती. माझी भाची त्यासाठीच केंदूरला घरी आली होती. दौंडकडच्या एका सरकारी दवाखान्यात ती डॉक्टर होती. प्रवेश परीक्षेत गुण चांगले होते आणि तिला हाडांची शाखा हवी होती. दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, स्त्रीरोग.

मी बातमीदार. दोन्ही बाजू ऐकल्या. तिच्या वरिष्ठांनी दाजींना सांगितलं होतं, हाडांच्या विभागात मुली टिकत नाहीत. भाचीचं म्हणणं, "आधी जाऊ तर द्या. टिकायचं नंतर बघू."

मोबाइल दाजींच्या हातात होता आणि पहिल्या नंबरला त्यांनी स्त्रीरोग टाकलं होतं.

ओट्यावर माझी बहीण आणि शेजारणी झेंडू निवडून क्रेटमध्ये भरत होत्या.

"बाळंतपणाचीच डाक्टरीण हो गं," शेजारची आजी म्हणाली. "बाईला बाई बरी."

"गुडघ्याला बाई नको का, आजी?" भाचीनं विचारलं.

"गुडघा काय लाजायची चीज हाय व्हय?"

"मग मागं दाखवायला गेलात, तेव्हा डॉक्टरांनी काय विचारलं तुम्हाला?"

"मला कुठं? आमच्या मालकास्नी इचारलं, कुठं दुखतंय म्हनून."

"आणि आबांनी काय सांगितलं?"

"डावा सांगितला. दुखत हुता उजवा. फोटो डाव्याचाच काढला."

"अगं, मग बोलायचं न्हाई का?" बहीण म्हणाली.

"चारचौघांत मालकास्नी खोटं पाडू व्हय?"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. दुसरी म्हणाली, "माझी कंबर तर ह्यांनी परस्पर बरी करून टाकली. 'आता न्हाई दुखत' म्हनले, आन् उठले."

बहिणीनं दारात उभ्या दाजींकडं पाहिलं. "आवं, माझ्या खांद्याचं काय सांगितलं हुतं तुमी?"

दाजींनी मोबाइलवरून मान वर केली. "झोपताना दुखतो म्हणून."

"क्रेट उचलताना दुखतो."

दाजींनी मोबाइल लेकीपुढं धरला. "घे बाई. आमचं सांगितलेलं चुकतंय असं दिसतंय."

तिनं क्रम बदलला आणि लॉक केला. पुढं तिला हवी ती जागा मिळाली. विभागात मुलगी ती एकटीच. कपडे बदलायला वेगळी खोली नव्हती. तिनं लेखी मागितली, मिळाली.

पहिल्या सुट्टीला ती आली, तेव्हा फुलं बाजूला सारून बायका ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. पहिला नंबर आजीचा. भाची तिला तपासायला आत घेऊन गेली. आबाही मागोमाग निघाले. दाजींनी त्यांना खांद्याला धरून बाहेर बसवलं आणि चहा दिला.

"डावा हाय गं पोरी, डावा बघ!" आबा बाहेरून ओरडले.

आजीनं आतून दार लोटून घेतलं.