टेलरकाकू आणि परक्या मापाचा कोट

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर, जिन्याखाली, दोन मशिनी मावतील एवढंच दुकान. डॉक्टरांचे कोट, नर्सबाईंचे गणवेश, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे झगे, सगळं तिथंच शिवलं जातं. शिवतात टेलरकाकू, आणि काजं-बटणं करते त्यांची धाकटी बहीण. काकूंचं वय छप्पन्न, वजन नव्वदीच्या घरात. धाकटी म्हणजे काडी, फुंकर मारली तर उडेल.

दोघी एका ताटात जेवून मोठ्या झाल्या. खरं सांगायचं तर धाकटीही तेवढंच खायची, पण थोरलीची भूक भागायची नाही आणि अंगाला लागायचं तेही तिच्याच. आईने कपाटाला कुलूप घातलं, थोरलीला मोजून वाढलं, आल्यागेल्यासमोर "हिचं तोंडच थांबत नाही" म्हणून मोकळी झाली. थोरलीला राग यायचा, पण रागापेक्षा कुतूहल मोठं. दोघींच्या पोटात गेलेलं एकच, मग ते जातं कुठं? हा प्रश्न तिने शाळेत बाईंना विचारला. बाईंनी तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

पुढे हातात टेप आला आणि प्रश्न वाढलेच. गल्लीत तीन तऱ्हांची माणसं राहायची: किनाऱ्यावरची जुनी घराणी (काकू त्यांतल्याच), डोंगरातून खाली उतरलेली, आणि दोन पिढ्यांमागे समुद्रापलीकडून येऊन इथलीच झालेली. बाजार एक, बेकरी एक. तरी चाळिशी उलटली की किनाऱ्यावरची माणसं सगळीकडून भरायची. डोंगरातल्यांचे हातपाय बारीकच राहायचे, सुटायचं ते फक्त पोट. पस्तीस वर्षं कमरा मोजून काकूंना हे तोंडपाठ झालं होतं. का, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

एक दिवस नवी डॉक्टरीणबाई कोटाचं माप द्यायला आली. ती रोगी तपासणारी नव्हती, रक्तातली जनुकं तपासणारी होती.

"म्हणजे काय हो?" काकूंनी खांदा मोजता मोजता विचारलं.

"आईबापांकडून आलेली लांबलचक चिठ्ठीच समजा. कुणाच्या चिठ्ठीत कुठं एखादं अक्षर वेगळं असतं. काही अक्षरांनी भूक जरा जास्त लागते, काहींनी पोट भरल्याचं उशिरा कळतं, काहींनी तेवढंच खाल्लेलं जास्त अंगी लागतं."

टेप खांद्यावरच थांबला. "आणि दोघी सख्ख्या बहिणींची?"

"अर्धी आईची, अर्धी वडिलांची. पण त्यातलं कुठलं अर्धं, ते प्रत्येकीचं वेगळं."

"ऐकलंस?" काकू धाकटीला म्हणाल्या. "तुझ्या वाटणीची भूकही आईने मलाच दिली!"

"वाटणीत तुला नेहमीच जास्त," धाकटीने दाताने दोरा तोडत म्हटलं.

दोघींनी रक्त दिलं. फॉर्मवर 'निकाल कळावा' अशी चौकट होती, काकूंनी तिथं ठसठशीत खूण केली. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आली ती पडलेल्या चेहऱ्याने. कॉम्प्युटरने काढलं होतं की जाड होण्याचा धोका काकूंना कमी, धाकटीला जास्त. बहिणी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"यंत्र ठीक आहे, काकू. पण हा अंदाज दूरच्या देशांतल्या माणसांच्या रक्तावरून बसवलाय. तिथं सर्रास सापडणारी अक्षरं तुमच्यात कमी असतील. तुमच्यातली त्यांनी पाहिलीच नसतील."

"म्हणजे परक्याच्या मापाचा कोट आम्हाला चढवलात!"

"अगदी तेच. इथल्या लोकांचं रक्त आणि मापं हवीत. पण वजनाचं नाव काढलं की लोक दार लावतात."

आपल्यासमोर कोण दार लावतो तेच बघू, म्हणून काकूंनी पदर खोचला. ज्यांच्या कमरा त्यांना पाठ होत्या, त्यांच्याकडे त्या घरोघर गेल्या. चार ठिकाणी टोमणे खाल्ले, चाळीस ठिकाणी चहा प्यायल्या. सहा महिन्यांत चारशेवर माणसं तयार झाली.

तपासणीच्या हॉलमध्ये विद्यार्थी मापं घेत होते. काकूंना राहवेना. "या बाई अडतीस नाहीत रे. गेल्या महिन्यात मी बेचाळीसवर कापलंय."

टेप तर अडतीसच दाखवत होता. काकूंनी तो हातात घेतला. "टेप दिसला की माणूस पोट आत ओढतो. आधी मुलाबाळांचं विचारायचं. बोलताना श्वास सुटतो, तेव्हा धरायचं." बाईंनी सुनेबद्दल बोलायला सुरुवात केली आणि माप बेचाळीसवर आलं. शंभरएक माणसांना पुन्हा बोलवावं लागलं.

दोन वर्षांनी निकाल घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आली. किनाऱ्यावरच्या घराण्यांत एक वेगळं अक्षर वारंवार सापडलं होतं. डोंगरातल्यांत ते क्वचित, दूरच्या देशांच्या याद्यांत जवळजवळ नाहीच. काकूंच्या रक्तात होतं, धाकटीच्या नव्हतं.

"त्याने किती वाढतं?"

"सरासरी अडीच-तीन किलो."

"एवढंच? अहो, माझे बाकीचे पंचवीस कुठले?"

"अशी लहान लहान अक्षरं शेकडो आहेत, बरीच सापडायचीत. शिवाय खाणं, झोप, दहा-दहा तास मशिनीवर बसणं. सगळं मिळून."

काकू म्हणाल्या, "म्हणजे आईचंही थोडं खरं, आणि माझंही."

त्या दिवशी दुपारी त्या दुकानावरच्या घरात आईकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. ऐंशी पार केलेली आई चादरीची घडी नीट करू लागली.

"मी तुला भरल्या ताटावरून उठवायचे."

"हो."

"माझी भूक तुझ्यासारखीच होती गं. पण सासूच्या धाकाने मी ती कुणाला दाखवली नाही. वाटलं, मला जमलं तर तुला का जमू नये."

 काकू आईचा हात हातात घेऊन तिच्याजवळ बसल्या.

आता आठवड्यातून तीन सकाळी काकू गळ्यात ओळखपत्र अडकवून मापं घ्यायला जातात. त्या पायपिटीत चार किलो उतरले, पण त्याचं त्यांना फारसं अप्रूप नाही. त्यांना लागलाय वेगळाच घोर. डोंगरातली माणसं वजनाला कमी, मग साखरेचा आजार त्यांना आधी का गाठतो?

"काही अंदाज आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पण इथल्या डोंगरातल्या लोकांत नेमकं काय होतं, ते अजून माहीत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, "मग सोमवारी डोंगरातल्यांच्या वरच्या आळीपासून सुरुवात करू. तिथं सकाळी आठनंतर कुणी घरात सापडत नाही, लवकर या."