पाणी थांबेपर्यंत

इंजिनीअर तळघराचा जिना उतरून आला, टाकीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "मिस्त्री तू का?" त्याला मी आठवलोच नाही. मला मात्र त्याच्या बुटांचा आवाजसुद्धा पाठ होता.

त्याच्या काही वर्षं आधी फुलपाड्यातल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर मी पाण्याची टाकी बांधली होती. आतून वॉटरप्रूफिंग पुरं झाल्यावर यानं नव्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडायला सांगितलं. मी म्हणालो, साहेब, पाइप आधी धरायचा असतो, मग काँक्रीट ओतायचं. आता भोक पाडलं तर पाइपच्या कडेनं पाणी झिरपणार. तो हसला. "शाळा सातवीत सोडलीस ना? मग मला पाणी नको शिकवू."

टाकी गळली. त्यानं सगळे फ्लॅटवाले जिन्यात गोळा केले, मला मधे उभं केलं आणि हात जोडून म्हणायला लावलं, चूक माझी. मी म्हणालो. गाव माझं हिंगोलीकडं, इथं माझी बाजू घेणारं कोण होतं? पुढं सगळा उन्हाळा मजुरांच्या नाक्यावर मला 'गळका मिस्त्री' म्हणायचे. काम घेऊन आलेली माणसं माझ्या मागच्याला हात करायची.

काम दिलं ते सांडोर गावातल्या एका काकीनं. तिची केळीची आणि भाजीची वाडी आहे, तिथल्या विहिरीचा कठडा ढासळला होता. कुणीतरी तिला माझं टोपणनाव सांगितलं, तर म्हणाली, "विहीर गळली तर गळू दे, पानी आतच येईल." कठड्यानंतर पडवी, मग स्वयंपाकघराचा ओटा. बायको आणि मुलगी गावाहून आल्या तेव्हा मुलीच्या शाळेचा फॉर्म काकीनंच भरला. कुठलाही फॉर्म समोर आला की मी अजूनही तो दुसऱ्याच्या पुढं सरकवतो. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

माशांची टाकी तिच्या मुलाच्या हौसेची. तो बोटीवर कामाला, सहा महिने घरी. त्याला आम्ही दादा म्हणतो. इकडं तळघर कुणी करत नाही, दोन हात खणलं की पाणी लागतं. पण काकीचं घर उंचवट्यावर आहे आणि खालची खोली अर्धी जमिनीत, अर्धी वर. तिथं दादाला भिंतीएवढी टाकी हवी होती. बारा फूट लांब, पाच फूट उंच, तीन बाजू काँक्रीट आणि पुढं जाड काच. सळया मी बांधल्या. तळाचे दोन पाइप आधी धरले. तळ आणि भिंती एकाच दिवसात ओतल्या, कारण मधे सांधा राहिला की पाणी तोच शोधतं. एकवीस दिवस ओली गोणपाटं, आतून तीन हात वॉटरप्रूफिंग, बाहेरून प्लास्टर आणि टाइल्स. काच बसवायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, एकदा इंजिनीअरची नजर पडू दे. आणि हा आला.

काच त्यानं चांगली बसवून घेतली, ते मान्य. मग बाजूच्या भिंतीवर, तळापासून अडीच फुटांवर त्यानं गोल खूण केली. फिल्टरसाठी अजून एक पाइप लागेल म्हणाला, आणि भोक पाडायचं मशीन मागवलं.

मी चार हातांवर उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर दादानं ऐकलं असतं. मी बोललो नाही. उलट मशीनची वायर मीच पुढं करून दिली. माझ्या भिंतीतून काँक्रीटचा गोल तुकडा बाहेर आला तेव्हा, खोटं कशाला सांगू, छातीत गार वाटलं.

टाकी भरली. तिसऱ्या दिवशी बाहेरून खालचा कोपरा ओला झाला, मग तिथून धार सुटली. इंजिनीअरनं गाडीच्या किल्लीनं कोपऱ्यावर टकटक केलं आणि दादाला म्हणाला, तळाचं काम कच्चं आहे, मिस्त्री बदला.

मी काकीकडं बघून म्हणालो, "रिकामी करू नका. पाणी जेवढं उतरतंय तेवढं उतरू दे. तळ गळत असेल तर ते तळापर्यंत जाईल. साहेबांनी फक्त रोज सकाळी येऊन बघावं."

"येतील की," काकी म्हणाली. "च्या देईन."

रोज आठला मी काचेवर मार्करनं रेघ मारायचो. इंजिनीअर चहा पिता पिता टोमणे मारायचा, काय मिस्त्री, पाणी साक्ष द्यायला येणार का. मी हसायचो. पण काँक्रीट ओतताना त्या कोपऱ्यात थोडा वेळ काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला होता, ते मला आता आठवायला लागलं होतं. खरंच माझाच कोपरा गळत असला तर? तर सांडोरही गेलं, आणि मुलीची शाळाही.

सहाव्या दिवशी पाणी नव्या पाइपच्या खालच्या कडेला आलं. सातव्या दिवशी तिथंच. आठव्या दिवशी काकीनं स्वतः रेघेवर बोट ठेवलं. "कालची ही, न आजची पन हीच?" खालचा कोपरा वाळला होता. पाणी पाइपच्या कडेनं भिंतीत शिरून प्लास्टरमागून खाली यायचं, एवढंच होतं ते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी इंजिनीअरला विचारलं, "साहेब, फुलपाड्याची गच्ची आठवते?" त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोंडावरचा रंग बदलला.

"ठीक आहे, आमच्याकडून राहिलं," तो दादाला म्हणाला.

"राहिलं नाही," मी म्हणालो. "मला जे म्हणायला लावलं होतं ते म्हणा. हात जोडून."

दादा म्हणाला, मिस्त्री, जाऊ दे ना. इंजिनीअरनं काचेकडं बघत हात जोडले आणि पुटपुटला. मी म्हणालो, ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, चूक माझी. तेवढ्यासाठी मी कितीतरी वर्षं थांबलो होतो आणि ते मला गोड लागलं.

तो गेल्यावर काकी पायरीवर गवार मोडत बसली होती. मला म्हणाली, "भोक पाडीत होते तवा तू इथंच होतास ना?"

"होतो."

"तुला म्हाईत होतं."

"होतं, काकी."

तिनं शेंग मोडली, दोरा काढला. "सूड त्याच्यावर. पानी माझ्या घरात."

पाइपभोवतालची भिंत मी फोडून नव्यानं ओतली, पुन्हा एकवीस दिवस गोणपाटं, पुन्हा आठ दिवस रेघा. काकीनं मला काढलं नाही, चहाही बंद केला नाही. इंजिनीअरबद्दल मला आजही काडीचं वाईट वाटत नाही; पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा वायर पुढं करणार नाही, याची खात्री मला देता येत नाही. फक्त तेव्हापासून एक झालंय. तिच्याकडं कसलंही काम काढलं, अगदी पायरीची फरशी बदलायची असली, तरी सुरू करण्याआधी ती येऊन समोर उभी राहते आणि विचारते, "सांगायचं काही राहिलंय का?"

मी मान खाली घालून सगळं सांगतो. विचारलं नाही तेही.