एका माणसाची खुर्ची

गंगाधरने लालबागच्या त्यांच्या चाळीच्या पटांगणात स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर आणून उभं केलं, त्या दिवसापासून रामदासच्या पोटात दुखायला लागलं. हेलिकॉप्टर म्हणजे काय, तर दुचाकीचं इंजिन, अॅल्युमिनियमचे पाइप, डोक्यावर पंखा आणि पाय कापलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची. एका माणसापुरतं. दोघे एकाच मजल्यावर वाढले, एकाच वर्गात शिकले. पण कौतुक कायम गंगाधरच्या वाट्याला. रामदास दादरच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवतो, याचं कोणाला काय अप्रूप? आता तर त्याची बायको कौसल्यासुद्धा "भावजींचं डोकं चालतं हो" म्हणत गंगाधरच्या गॅरेजात चहा पोचवायची. त्या चहात आलं असतं आणि आपल्या चहात नसतं, हेही रामदासने हेरलं होतं.

रविवारी सकाळी चाचणी ठरली. दांड्यांवरचे कपडे घरात गेले आणि सगळी चाळ कठड्यांवर ओणवली. यंत्र फार वर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी वाळूच्या गोण्यांना दोर बांधले होते. रामदास सगळ्यांच्या पुढे उभा. ते कोसळावं, कोणाला लागावं, असं काही त्याच्या मनात नव्हतं. फक्त ते उडू नये.

गंगाधर बसला. इंजिन कोकललं, धुरळा उठला, पण यंत्र जागचं हललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. रामदासला इतकं बरं वाटलं की त्याला तोंडावर रुमाल धरावा लागला.

"माझंच वजन नडतंय रे," गंगाधर घाम पुसत उतरला. "तू बस. तू म्हणजे नुसती काडी."

"मी? येडा झालास काय?"

"बसा की," कौसल्या वरून म्हणाली.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. गंगाधरने दाखवलेला दांडा रामदासने हळूहळू वर ओढला. खुर्ची थरथरली आणि जमीन सुटली. वीतभर, मग हातभर. दोर ताणले. सगळी चाळ रामदासचं नाव घेऊन आनंदाने ओरडत होती आणि त्याला जराही भीती वाटत नव्हती. त्याने गंगाधरकडे पाहिलं. गंगाधर टाळ्या वाजवत होता, पण ओठ घट्ट मिटलेले. तो चेहरा रामदासच्या चांगल्याच ओळखीचा होता. दाढी करताना रोज आरशात दिसायचा.

पंखा थांबला तसा गंगाधर धावत आला. "कसं वाटलं रे? सांग ना."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण एवढं तरी रामदासला कोणाशी वाटून घ्यायचं नव्हतं.

"काय नाय रे," तो कपडे झटकत म्हणाला, "नुसते हादरे बसतात."