जेवलीस का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या बाजारातले नाही — आणि मध्येच तोडून बोलणार नाही.

मी हेडी, बैल विकतो-घेतो. दुसऱ्यांची जनावरं हाकत बाजाराला नेण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या शब्दावर सौदे होतात. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरायची, जितकी धरली तितका भाव. तोंड मोकळंच राहतं — त्यानं ओरडायचं, बैलाला नावं ठेवायची, रागावून उठायचं. तीस वर्षं हे केल्यावर माणसाचा आवाज कसा होतो? मला कुठं माहीत होतं?

माझी मुलगी रेखा अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. तिकडं गेल्यापासून माझा फोन उचलेना. आईशी तासभर बोलायची, मला नुसतं लिहून पाठवायची — 'बरी आहे आबा.' मला ते लई लागलं. जिच्यासाठी उन्हातान्हात बाजार पालथे घातले, तिला बापाशी दोन शब्द बोलवत नाहीत?

एकदा बाजारात लिंबाखाली बसून मी तिला मोबाइलवर आवाज भरून पाठवला. शेजारचा गफूर, माझ्याच बरोबरीचा हेडी, दचकून म्हणाला, "कुनाला दम देतो बे?"

"दम कशाचा? पोरीला इचारलं, जेवलीस का."

"असं इचारल्यावर कोन जेवंल?"

सगळे हसले. मीही हसलो. मग बाजूला जाऊन तो आवाज कानाला लावला. 'जेवलीस का?' — दोनच शब्द. पण वाटलं, कुणीतरी काठी घेऊन दारात उभं आहे. पुन्हा ऐकला. तो मीच होतो.

मी तो पुसून टाकला. आणि त्याच संध्याकाळी तिच्या आईला म्हणालो — पोरगी शिकून शेफारली, बापाची लाज वाटते तिला. बाजारातही तेच सांगत सुटलो. दोन वर्षं. खरं कारण याच कानांनी ऐकलेलं असताना. आईनं तिला सुनावलं, मामानं सुनावलं. मग तिचे आईलाही फोन कमी झाले. मी बघत राहिलो. हा दोष आवाजाचा होता का? नव्हता.

गेल्या महिन्यात तिला आणायला एसटी स्टँडवर गेलो. हळू बोलायचं ठरवून गेलो, तर ती म्हणाली, "आबा, घसा बसलाय का?" मग मी बोललोच नाही. बाकावर बसून तिच्या हातावर उपरणं टाकलं. ती लहान असताना आमचा खेळ होता — भाकरी किती खाल्ल्या ते उपरण्याखाली बोटं धरून सांगायचं. मग तिनं माझी दोन बोटं धरली. गाडीतून उतरलेली माणसं पांगली तरी सोडली नाहीत.

खरं कारण मला माहीत होतं, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आता ती आपणहून फोन करते. मी विचारतो, जेवलीस का — अजूनही तसंच खेकसल्यासारखं निघतं. ती हसते आणि म्हणते, "दोन."

आज तिचा फोन येईल. आधी तिला सांगणार, मग तिच्या आईला. उद्या बाजार आहे. तिची बदनामी लिंबाखाली बसून जितक्या मोठ्यानं केली, तितक्याच मोठ्यानं तिथं हे सांगणार.